चिखलातले चार सेकंद

“थांब. मांगं घे.”

प्रियंकाने रिमोट दाबला. टीव्हीवर पुन्हा तोच काठ आला, आणि काठावरची पोरं पुन्हा एकेक करून धपाधप चिखलात पडली. चौथा नागसेन. डोक्यावर पिवळी टोपी, पायात बदकासारखे रबरी पंजे. तो पडला, बुडाला, काळाकुट्ट होऊन वर आला आणि दात काढून हसला. मग कॅमेरा दुसरीकडे वळला. सगळे मिळून चार सेकंद.

“आणखी एकडाव,” जिजाबाई म्हणाली.

विलायतेतला विनोदी सिनेमा होता, हिंदीत डब केलेला. एका खेड्यातले रिकामटेकडे म्हातारे दलदलीत खणलेल्या चरातून पोहण्याची शर्यत जिंकायला निघतात. हात वापरायचे नाहीत. तोंडात नळी धरायची आणि पाय मारत चिखलातून पलीकडे जायचं. असला खेळ माणसं खरंच खेळतात, हे बालाघाट शहरातल्या त्यांच्या वॉर्डात कुणाला पटलं नसतं. म्हाताऱ्यांच्या विरुद्ध कॉलेजच्या पोरांची टोळी होती. सिनेमावाल्यांना टोळीसाठी पोरं हवी होती, आणि शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेलेल्या नागसेनने नाव दिलं होतं.

“आई, देख ना, भैया कित्ता खुश दिखून राह्यला,” प्रियंका म्हणाली. दोन वर्षांपूर्वी भावाची शवपेटी नागपूरच्या विमानतळावरून आली, तेव्हापासून आई धड बोलली नव्हती. सकाळी मोबाइलवर हा सिनेमा दिसला तशी ती क्लास सोडून घरी पळत आली होती. आता आई डोळे न मिटता टीव्हीकडे पाहत होती. काहीतरी मागत होती, एवढंही खूप होतं.

नागसेनचा बाप घनश्याम दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. सिनेमा आल्याचं त्याला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तिकडे नागसेनसोबत खोलीत राहणाऱ्या रजतने त्याची लिंक पाठवली होती. घनश्यामने ती पुसून टाकली आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

सिनेमात उन्हाळा होता. काठावरची माणसं अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून आइस्क्रीम खात होती. पण नागसेन हसला की त्याच्या तोंडातून वाफ निघायची. पोरीच्या ते लक्षात आलं नव्हतं. घनश्यामला आता ती वाफच दिसत होती. शूटिंग नोव्हेंबरात झालं होतं.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी नागसेनचा फोन आला होता.

“बाबा, आंगात ताप आहे. आज सकाळपासून त्या पाण्यात होतो. उद्या अजून उतरा लागते. नाही म्हणून सांगू का?”

“एवढ्याशा तापाले भेतं का बे?” घनश्याम हसत म्हणाला होता. “पिच्चरमध्ये दिसशीन तू. सारा वॉर्ड पाहीन. गोळी खाय अन् जा.”

“हौ बाबा,” नागसेन म्हणाला होता.

तो गेला. दुसरा दिवसही त्याने चरात काढला. नवव्या दिवशी तिकडच्या दवाखान्यात त्याचा श्वास थांबला. थंडी छातीत भरली आणि दवाखान्यात यायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. घनश्यामने जिजाबाईला एवढंच सांगितलं, की तिकडची हवा पोराला मानवली नाही. फोनचं सांगितलं नाही. ती त्या संध्याकाळी बुद्धविहारात गेली होती. घरात तो एकटाच होता. ते वाक्य आपण एकट्यानेच मरेपर्यंत बाळगायचं, असं त्याने ठरवलं होतं. दोन वर्षं त्याने ते बाळगलं. रात्री कूस बदलताना, दाढी करताना, लामता गावाला जाणाऱ्या बसमध्ये उभं असताना ते त्याच्या सोबत असायचं.

चार वाजता प्रियंका उठली. “मी चाय पत्ती घेऊन येते, आई. ये बटन दबाना, बस. पीछे जाता है.” तिने आईचा अंगठा बटणावर ठेवून दाखवलं आणि चप्पल घालून निघाली.

खोलीत दोघंच उरली. नागसेन पडला. हसला. जिजाबाईने बटण दाबलं. नागसेन पडला. हसला.

घनश्यामने मोजायचं नाही असं ठरवूनही मोजलं. अकरा. बारा. तेराव्या वेळी तो उठला आणि टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला.

“आता पुरे कर वं.”

“काहून?”

“डोये दुखतीन.”

“नाही दुखत. सरका तिकडे.”

तो सरकला नाही. “त्याले पाहून तुले बरं वाटते, समजते मले,” तो म्हणाला. “पण किती डाव पाहशीन? तेच तर आहे. तेवढंच आहे.”

जिजाबाईने पहिल्यांदा टीव्हीवरची नजर काढली. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दोन वर्षं त्याला ज्याची भीती वाटत होती, त्यातलं काहीच तिथे नव्हतं.

“बरं वाटाले नाही पाहून राह्यली मी,” ती म्हणाली. “त्या सांजी विहारातून लवकर आलती. दारात उभी होती, तुमी फोनवर होते. दर डावाले वाटते, या डावाले तरी तुमी त्याले ‘नोको जाऊ’ म्हणसान.”