अमेरिकेतले धपाटे

वाचता वाचता तनुजा थांबली आणि फसकन हसली.

"अण्णा, तुमच्या वकिलाची बायको त्याला कोर्टात जाताना धपाटे बांधून देती! अमेरिकेत! अडीचशे वर्षांपूर्वी!"

अण्णाराव खुर्चीत ताठ झाले. काचबिंदूनं नजर गेली, वकिली सुटली, तेव्हापासून सहा वर्षं ते अमेरिकेतल्या एका जुन्या वकिलाचं चरित्र सांगत होते. खेड्यातल्या पहिल्या खटल्यापासून थेट राज्यघटनेवरच्या सहीपर्यंत. चौथीत शाळा सुटलेली त्यांची बायको सिंधुताई ते लिहून घ्यायची. सगळं कोर्टातल्या जबानीसारखं. त्यांनी सांगायचं, तिनं लिहायचं, वाचून दाखवायचं, मग त्यांची चाचपडत सही. उद्या वह्या लातूरच्या छापखान्यात जायच्या, म्हणून आज पहिल्यांदाच लेक वाचत होती.

"पुढं वाच."

"'त्याच्याकडे कोट एकच होता. तारखेच्या आदल्या दिवशी ती तो धुई आणि चुलीच्या उबेला धरून बसे. खटला हरून आला तर काही विचारत नसे. भातावर तूप मात्र जास्त वाढी.'"

सिंधुताई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हे मी सांगितलेलं नाही," अण्णाराव म्हणाले.

"न्हाई."

"मग वाचून दाखवताना?"

"तेवढं गाळीत होते."

"असं किती ठिकाणी केलंस?"

"असतील धा-पंधरा. तुमच्या पुस्तकात ती बाई दोनच डाव येती. लग्नात, आन् मेल्यावर. मधी चाळीस वर्षं ती काय नुसती बसून होती व्हय?"

"सिंधू, पुराव्याबिगर मी एक ओळ घेतली नाही. हे कुठल्या ग्रंथात सापडलं तुला?"

"ग्रंथ कशाला पायजे? साक्षीदार जित्ता हाय की."

तनुजानं पेन्सिल उचलली. "खोडून टाकू का अण्णा? लोक हसतील हो."

सिंधुताईच्या बोटांत एक शेंग तशीच राहिली.

"खोड," ते म्हणाले.

सिंधुताईनं टरफलं पदरात गोळा केली आणि उठायला लागली.

"'चूल' तेवढी खोड," अण्णाराव म्हणाले. "उदगीरच्या आपल्या त्या पहिल्या खोलीत चूल कुठली? कोळशाची शेगडी होती. धूर लई व्हायचा. आणि कोटाच्या डाव्या बाहीला ठिणगीनं भोक पडलं होतं. हिनं गुपचूप रफू केलं, मला बोलली नाही. ते का गाळलंस गं सिंधू?"

सिंधुताई उभ्याची खाली बसली.

"तुमाला दिसलं होतं?"