पहिला प्रश्न

"वहिनी, तेवढा पहिला प्रश्न गाळा. माझं प्रमोशन अडलंय," फोनवर नाफडे साहेब अजिजीनं म्हणाले.

गोदामाच्या आगीत याच साहेबांनी कुमुदच्या नवऱ्याला, अग्निशमन दलातल्या जवानाला, मास्कशिवाय आत धाडलं होतं आणि चौकशीत चूक मेलेल्याच्या माथी मारली होती. मग नवऱ्याच्या प्रशिक्षणाच्या वह्या समोर ठेवून ती अग्निशमन ऑनलाइन शिकवू लागली. त्यातून तिची कंपनी उभी राहिली, वाढत गेली. आता अकरा शहरांत जवानांना आणि साहेबांनाही बढतीसाठी तिचीच परीक्षा सक्तीची होती.

पहिला प्रश्न त्याच आगीचा होता: जवान गेला, चूक कोणाची? साहेब तीनदा 'जवानाची' लिहून तीनदा नापास झाले होते.

"उत्तर तुम्हालाच माहीत आहे, साहेब," ती म्हणाली. "ते लिहा, खाली तुमचं नाव घाला. दुसरा प्रश्न लगेच उघडेल."