गिऱ्हाईक यायच्या आधी

वरच्या मजल्यावरचे भाऊजी न बोलावता आले आणि घर कसं विकावं याचे धडे देऊ लागले. पडदे सारा, अडगळ हलवा, दिवे लावून ठेवा. शिडीवरच्या रंगाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. "छतावरचा तो ओला डाग आधी झाक. गिऱ्हाईक पहिलं वर बघतं."

ती दातओठ खात ऐकत होती. त्याच डागाखाली बादल्या लावून ती थकली होती, लेकीचा पलंगसुद्धा बाहेरच्या खोलीत हलवला होता. गळतीचा विषय काढला की भाऊजी कानावर हात ठेवायचे. "आमच्या बाथरूमचं पाणी नाहीच ते!" शेवटी कंटाळून तिनं घरच विकायला काढलं होतं.

निघताना भाऊजी दारात थांबले. "आणि हो वहिनी, गिऱ्हाईक येणार असेल तेव्हा आधी कळवा. ते जाईपर्यंत आम्ही कुणी अंघोळ करणार नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"दादा, ऐकलंत ना तुम्ही?" ती रंगाऱ्याला म्हणाली. "ब्रश ठेवा खाली. घर विकत नाही मी. फरशी फोडणारा कुणी ओळखीचा असेल तर आत्ताच बोलवा, आणि त्याला थेट वरच्या मजल्यावर पाठवा."