पन्नास मीटरचा फरक

मोजणीदाराने शेवटच्या दगडाला सायकल टेकवली आणि हँडलवरच्या मीटरकडे पाहिलं. एकवीस किलोमीटर तीनशे चाळीस मीटर. त्याने खिशातून कागद काढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : एकवीस किलोमीटर सहाशे पन्नास.

कागद पाकिटात घालून त्याने ते चिकटवलं. आकडा बदलून लिहायची आताशा त्याला सवय झाली होती.

उद्यानात सायकलस्वारांसाठी सहा मार्ग आखले जात होते. शेतांच्या कडेने, माळावरून, झाडीतून जाणारे. प्रत्येक मार्ग दोन मोजणीदारांनी वेगवेगळ्या दिवशी एकट्याने मोजायचा आणि आकडा बंद पाकिटात घालून ऑफिसात द्यायचा, असा साहेबांचा नियम. एकाने दुसऱ्याचं बघून लिहू नये म्हणून. पाकिटं दोघांसमोर फुटायची. फरक पन्नास मीटरच्या आत असला की मार्ग मंजूर, पाटी रंगवायला मोकळी. जास्त असला तर दोघांनी मिळून पुन्हा मोजायचा.

दुसरी मोजणीदार म्हणजे त्याची बायको. कागदोपत्री अजून होती. दीड वर्षापूर्वी ती दोन बॅगा घेऊन घरातून निघाली, तेव्हा तो दारात उभा राहून "छत्री राहिली तुझी" एवढंच बोलला. म्हणायचं होतं थांब. तोंडातून निघाली छत्री.

तेव्हापासून ऑफिसात ती त्याला "तुम्ही" म्हणायची. लग्नाच्या नऊ वर्षांत कधी म्हणाली नव्हती. पण दोघं मिळून मोजायला निघाले की पहिल्याच चढावर तिला धाप लागायची, "अरे, थांब ना जरा" तोंडून निघून जायचं आणि मग परत येईपर्यंत "तू"च चालायचं. त्या तीन तासांसाठी तो खोटं लिहायचा. कधी ऐंशी मीटर जास्त, कधी शंभर कमी. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. मिळून मोजताना खरा आकडा निघायचाच.

आतापर्यंतच्या पाचही मार्गांवर फरक पडला होता. एकदा तर त्याने सत्तर मीटर वाढवले आणि फरक निघाला दीडशेचा.

"माझ्या मीटरचा काही भरवसा नाही," टायर दाबून बघत ती म्हणाली होती. पडदे शिवताना कधी अर्ध्या बोटाची चूक न करणारी बाई!

"मीटर बदलून देऊ का?" त्याने विचारलं.

"राहू दे. चालतंय."

आता हा सहावा मार्ग, शेवटचा. सोमवारी ती थोरल्या बहिणीच्या गावी नव्या नोकरीवर रुजू होणार होती. म्हणजे हातात उरला एक शनिवार. चढावर तिने "अरे" म्हटलं की सायकल थांबवून तो सांगणार होता, घरी चल. दोनच शब्द. आठवडाभर आरशासमोर त्यांची तालीम चालली होती. तिच्यावाचून घर त्याला खायला उठायचं आणि हे तिला सांगायची आणखी संधी मिळणार नव्हती.

या खेपेला फरक पडायलाच हवा होता, म्हणून त्याने ऐंशी-शंभरावर भागवलं नाही. या मार्गावरून एक पाऊलवाट खाली तळ्याकडे जाते. मार्गात ती धरलेली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी नकाशाच्या कामाला आले असताना ते दोघं तळ्याकाठी संत्री सोलत बसले होते आणि संत्री संपली तरी उठले नव्हते. मोजण्याची खोड दोघांनाही. निघताना तीही वाट मोजून झाली होती : जाऊन-येऊन तीनशे दहा मीटर. तेवढेच त्याने आता वाढवले. कुणी विचारलंच, तर चुकून तळ्याकडे वळलो म्हणता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी दोघं साहेबांच्या टेबलासमोर बसले. मधली खुर्ची रिकामी. भिंतीशी कोऱ्या पाट्या आणि रंगाचे डबे रचून ठेवलेले, खोलीभर ऑइलपेंटचा वास.

"तुमची मोजणी कधी झाली?" त्याने विचारलं.

"बुधवारी. तुमची?"

"काल."

ती पर्सच्या चेनशी चाळा करत होती. "उद्या निघायचं झालं, तर सातला निघू या. नंतर ऊन लागतं."

"अजून पाकिटं फुटायची आहेत."

"हो. तेही खरंच."

साहेब चहाचा कप घेऊनच आत आले. स्वारी रंगात होती. "पाच वेळा पाहिलं तुमचं. एकाच रस्त्याने जाता आणि दोन गावांना पोहोचता! उद्याची तुमची फेरी मी गृहीतच धरली आहे."

त्यांनी पहिलं पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "एकवीस किलोमीटर सहाशे पन्नास."

ती झटकन त्याच्याकडे वळली. तिच्याकडे खरा आकडा असणार, तिला सगळं कळलं असणार. त्याने मान खाली घातली. कळू दे. उद्या चढावर सगळंच सांगायचं होतं.

साहेबांनी दुसरं पाकीट फोडलं. कागदाकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. मग टेबलावर थाप मारून ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

"कमाल झाली! एका मीटरचाही फरक नाही!" त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून धाडकन मंजुरीचा शिक्का मारला. "आता तुम्हाला मिळून जायची काही गरज नाही."