जपलेले हात

हेमांगीच्या हाडांत आयुष्यभर मुरलेलं ऊन दवाखान्यातल्या यंत्राने पडद्यावर उमटवलं. माहेरची वर्षं पिवळीधमक होती. लग्नानंतर नुसता काळोख.

"लग्नानंतर डी व्हिटॅमिन मिळालंच नाही यांना. रोज थोडं ऊन मिळालं असतं, तर पार्किन्सनचा हा कंपवात कदाचित टळला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गोरीपान आहे ना, काळवंडू नये म्हणून जपलं हो आम्ही!" तिचा नवरा दिगंबर अभिमानाने म्हणाला.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दवाखान्याबाहेर पडताच त्याने सवयीने तिच्या डोक्यावर छत्री धरली. तिने ती हिसकावून रस्त्यावर भिरकावली आणि थरथरणारे पंजे त्याच्या तोंडासमोर नाचवले.

"हे घ्या तुमचे गोरेपान हात! आता घास तुम्हीच भरवा. इथेच, उन्हात बसून."