आइझादाचं वजन

वजनकाट्यावरून उतरल्या उतरल्या आइझादा धावली ती बुरुलकडे. "आई," म्हणत तिच्या कमरेला बिलगली. तिची खरी आई, जिपारा, पोरीचा कोट हातात धरून शेजारीच उभी होती.

नर्सने नोंद वाचून दाखवली. सात वर्षांच्या पोरीचं महिन्याभरात दीड किलो वजन उतरलं होतं.

जिपाराला मॉस्कोहून येऊन महिनाच झाला होता. तीन वर्षं ती तिथल्या गोदामात राबली. नारीन नदीच्या खोऱ्यातल्या या गावातले कितीतरी आईबाप असेच रशियात होते. म्हणून गावातल्या पाच बायकांनी त्यांची अकरा पोरं वाटून घेतली होती. खाणंपिणं, शाळा, खोकला-ताप सगळं त्याच बघायच्या, आणि दर महिन्याला दवाखान्यात वजन करून घ्यायच्या. आइझादा बुरुलच्या वाट्याला आली होती.

आल्या दिवशीच जिपाराने लेकीला घरी नेलं. पोर तिला मावशी म्हणायची. ताटातल्या मंतीला, खिमा भरून उकडलेल्या त्या मोदकांना, हात लावायची नाही, खिडकीतून बुरुलच्या धुराड्याकडे बघत बसायची. जिपाराचा नुसता जळफळाट व्हायचा. तिने पोरीला बुरुलच्या अंगणात पाऊल टाकायची बंदी केली. रस्त्यात बुरुल दिसली की ती तोंड फिरवायची. या बाईने आपली पोर पळवली, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आता चार बायकांसमोर तो आकडा वाचला गेला होता. बुरुल मनातून खूश असणार, असं जिपाराला वाटलं. तिने कोट बुरुलच्या अंगावर टाकला.

"घे. तूच ठेव तिला. तुला हेच हवं होतं ना?"

बुरुलने पोरीला कोट चढवला, बटणं लावली आणि तिला बाहेर खेळायला पिटाळलं. मग नर्सला तीन वर्षांपूर्वीची नोंद काढायला सांगितली. आइझादाचं पहिल्या महिन्याचं वजन, बुरुलच्या घरचं. अडीच किलो उतरलेलं.

जिपारा त्या आकड्याकडे बघत राहिली.

"माझा घास थुंकून टाकायची," बुरुल म्हणाली. "उठसूट तुझं नाव. असा राग यायचा तुझा, तुझा फोन आला की मी घराबाहेर जायचे."

तिने नोंदीतल्या पुढच्या महिन्यांवरून बोट फिरवलं.

"मला सात महिने लागले, जिपारा. तुझा तर आत्ता कुठे एक झालाय."