उजवा पाय

काकांनी पाठ सीटला टेकवली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि उजव्या पायात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ब्रेक दाबला. ब्रेक बोटभर खाली गेला आणि तिथेच अडून बसला. काकांच्या कपाळावर घाम आला.

"कसा वाटतोय ब्रेक?" मिस्त्रीने विचारलं.

"ब्रेकला काही झालेलं नाही." गॅरेजच्या काचेपलीकडे, ऑफिसातल्या बाकावर काकू मासिक चाळत बसल्या होत्या. तिकडे एक नजर टाकून काकांनी आवाज खाली आणला. "माझा पाय गेलाय. वय झालं. गाडी तेवढी बघून घे, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे."

जुनी माणसं आपल्या गाडीबद्दल बोलत असली की मध्ये तोंड घालू नये, हे मिस्त्रीला धंद्याने शिकवलं होतं.

गाडी लाल होती, बुटकी होती आणि दोघांपुरतीच होती. काका निवृत्त झाले त्या वर्षी दोघांनी ती हौसेने घेतली. "या वयात स्पोर्ट्स कार?" म्हणून मुलांनी कपाळाला हात लावला होता. दोघंही आलटूनपालटून चालवायचे, आणि खरं सांगायचं तर काकू काकांपेक्षा भरधाव चालवायच्या. वळणावर काका जीव मुठीत धरून बसायचे आणि काकू हसायच्या.

मग काकांचा पाय गेला. म्हणजे ब्रेक दबेना. पुढच्या गाडीपासून फर्लांगभर मागे राहून ते गाडी हाकू लागले. पहाटे काकू उठायच्या आत पलंगावर पडून, भिंतीला तळवा लावून दाबायचे. उपयोग शून्य. काकूंनीही हल्ली स्टिअरिंगला हात लावणं सोडलं होतं. "तुम्हीच चालवा, मला बाहेर बघायला आवडतं," म्हणायच्या. ज्या बाईला शेजारच्या सीटवर गप्प बसणं जन्मात जमलं नाही, तिला अचानक झाडं आवडू लागली होती.

काकांना खरा चटका बसला तो गेल्या आठवड्यात. "सुटे भाग मिळत नाहीत, विकून टाकू या," असं त्यांनी भीत भीत म्हटलं. आता आकाशपाताळ एक होणार, म्हणून ते तयारीत होते. काकू म्हणाल्या, "बरं." नुसतं "बरं". त्या एका शब्दाने काकांना रडू यायचं बाकी राहिलं. हिला माझ्या पायाचं कळलंय आणि ही मला सांभाळून घेतेय, याची त्यांना त्या क्षणी खात्री पटली. पाय जाण्यापेक्षा ते जास्त लागलं.

"काका, जरा उतरता?" मिस्त्री म्हणाला आणि स्वतः आत बसला. गडी दांडगा होता, मांड्या खांबासारख्या. इंजिन बंद ठेवून त्याने ब्रेक चारदोनदा दाबला, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू केलं.

"आता हा आपोआप थोडा खाली जायला हवा," तो म्हणाला. ब्रेक जागचा हलला नाही. मिस्त्रीने दात ओठ खाऊन पुन्हा दाबून पाहिला. "काका, तुमच्या पायाचं मला माहीत नाही. पण हा माझ्या पायालाही दाद देत नाही."

काकांनी खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे बघितलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला. आत कुठेतरी बारीक सूं सूं चाललं होतं. त्याने हात घालून एक काळी रबरी नळी चाचपली आणि दुमडून दाखवली. खालच्या अंगाला ती उभी चिरली होती. "इंजिन या नळीतून हवा ओढतं, त्या ओढीने ब्रेक हलका होतो. नळी फाटली, मदत बंद. सगळा भार पायावर."

नवी नळी बसली. काका सीटवर बसले, इंजिन चालू करून पाय ठेवला आणि ब्रेक अलगद खाली गेला. त्यांनी तो पुन्हा दाबला, मग उगाचच पुन्हा. फाटक्या नळीचा तुकडा मागून घेऊन त्यांनी खिशात घातला. काकूंना काय आणि कसं सांगायचं, ते मनात घोळवत ते ऑफिसाकडे निघाले तेव्हा त्यांना शीळ घालावीशी वाटत होती.

पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच काकू उठल्या. "अहो, गॅरेजच्या फाटकापर्यंत मी चालवू? शेवटचं एकदा."

त्यांचा आवाज असा होता की काका बातमी गिळून मुकाट शेजारी बसले.

गाडी रांगत निघाली. फाटक अजून लांब होतं, तोच काकूंनी पाठ सीटला टेकवली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, दात ओठ खाल्ले आणि सगळं बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी जागीच थबकली. दोघांची डोकी पुढे जाऊन मागे आली.

काकू हबकल्या. मग त्यांनी हलकेच पुन्हा पाय टेकवून पाहिला. मग आपल्या उजव्या गुडघ्यावर, शहाण्या मुलाला थोपटावं तसं थोपटलं.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला बोलले नाही. मला वाटलं, माझा पाय गेला." काकूंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "लिफ्ट सोडून रोज जिना चढत होते, ते काय हौस म्हणून? फळ आलं बाई एकदाचं. त्या गिऱ्हाइकाला सांगा, गाडी विकायची नाही."

काकांचा हात खिशात गेला. बोटांना नळीचा तुकडा लागला. तो त्यांनी तिथेच राहू दिला.

"उद्यापासून मीही येतो जिन्याने," ते म्हणाले.